न जन्मलेल्या शेतकऱ्यांचा कट्टा

“माणूस मला माहीत आहे. मला फक्त पुरावा पाहिजे,” खुर्चीत नीट टेकायच्या आतच काकासाहेब म्हणाले.

“माणूस माहीत असेल तर ठाण्यात जा,” गिरिजाबाई म्हणाल्या. “माझ्याकडं लोक माणूस शोधायला येतात.” मग मागे न बघताच त्यांनी हाक मारली, “सर्जा, चहा टाक. पाहुण्यांना बिनसाखरेचा.”

सर्जेराव उठला. पाहुण्यांना साखर चालत नाही हे आक्काला कसं कळलं, हे विचारायची त्याची छाती नव्हती. विचारलं की ती सांगायची, आणि तिनं सांगितलं की आपण किती बावळट आहोत ते चारचौघांत कळायचं. त्यापेक्षा चहा टाकलेला बरा.

गिरिजाबाईंची उभी हयात जालन्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लोक बोलतात काय आणि गिळतात काय, हे त्यांना तिथंच कळायला लागलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाजगी चौकशा घ्यायला सुरुवात केली. कुठं ठरणारं स्थळ, कुठं पळालेला भागीदार. धाकटा भाऊ सर्जेराव हा जालना–जाफराबाद रस्त्यावर काळीपिवळी जीप हाणून हाणून कंबर मोडलेला गडी. आता त्या जीपमध्ये एकच सवारी बसायची, ती म्हणजे आक्का. डोकं तिचं, गाडी ह्याची, आणि बोलणीही ह्यानंच खायची.

साल दोन हजार आठ. जून अर्धा सरला होता.

काकासाहेबांची टेंभुर्णीजवळ रस्त्यालगत पूर्णामाई रोपवाटिका होती. मोसंबीची कलमं हा त्यांचा जुना धंदा. मिरचीची रोपं मात्र त्यांनी अलीकडं काढली होती, आणि ती खपवली होती जाफराबादच्या मच्छिंद्रनं.

“पोरगं सायबर कॅफे चालवतं,” काकासाहेब सांगू लागले. “त्यानं त्या ऑर्कुटवर एक गट काढला. मिरची-मोसंबी कट्टा. कोणाचं बियाणं उगवलं, कोणाचं फसलं, लोक तिथं लिहितात. बाप लिहिना तर पुण्यात शिकणारं पोरगं लिहितं. तिथं आमच्या मिरचीचं नाव निघालं अन् बाई, मी जाहिरातीचा एक बोर्ड न लावता माल पुरंना. लोक एकमेकाचं ऐकतात, कंपनीचं ऐकत न्हाईत.”

“मग बिघडलं कुठं?”

“मे महिन्यात नवे मेंबर घुसले. पूर्णामाईच्या मिरचीवर बोकड्या रोग, पानं आकसली, आम्ही बुडालो. वडीगोद्रीचा एक, टेंभुर्णीचे दोन, जाफराबादचे चार, रोज नवा. मी त्या त्या गावात माणूस पाठवला. त्या नावाची माणसं तिथं जन्मलीच न्हाईत! पण तोवर लोकांनी बुकिंग मोडलं. आता ट्रेमधली रोपं मी उकिरड्यावर टाकून राह्यलो.”

“आणि हे मच्छिंद्रनं केलं?”

“कट्ट्याची किल्ली त्याच्याच हातात. मी तर त्याला दिवाळीपासून कचेरीत खुर्ची देणार होतो. मिरचीची सगळी विक्री त्याच्याकडं. त्याला तेवढ्यानं भागलं न्हाई. मला वाकवून जास्त मागायचं असंल. ह्या लोकांना डोक्यावर बसवलं की असंच होतं.”

“कोणत्या लोकांना?” गिरिजाबाईंनी विचारलं.

काकासाहेबांनी चहात बघितलं. “सोमवारी मी तक्रार देणार,” ते म्हणाले. “तोवर पुरावा द्या.”

“पुरावा देईन. तो कोणाविरुद्ध निघेल हे आत्ता सांगत नाही.”

जाफराबादच्या रस्त्याला नव्या गणवेशातली पोरं शाळेला निघाली होती. सर्जेरावानं हॉर्न मारत मारत जीप काढली. कॅफेसमोर उतरल्यावर पायाखाली काच वाजली. दाराची काच कोणीतरी फोडली होती आणि आत अंधार होता. पायरीवर विशीतला एक पोरगा बसला होता, आणि त्याची आई नंदाबाई आत केर काढत होती.

“लाईट न्हाई मावशी,” मच्छिंद्र म्हणाला. “सगळ्या तालुक्यालाच न्हाई. दुपारभर लोडशेडिंग. चार वाजता येती. तोवर आमचं दुकान म्हंजी नुसती भिंत.”

“बॅटरी नाही?”

“कुठून आणू?”

“काच कोणी फोडली?”

मच्छिंद्रनं मान खाली घातली. नंदाबाई केरसुणी टेकवून बाहेर आल्या. “ज्यांना ह्यानं फुकटात शिकवलं त्यांनीच,” त्या म्हणाल्या. “मी काकासायबाच्या नर्सरीत ट्रे भरत होते. मला गेटावरनंच परत धाडलं. बाई, माझ्या पोरानं केलं असंल तर मीच त्याला ठाण्यात नेऊन बसवीन. पण केलं नसंल तर? पोलिसात नाव गेलं की ह्याला कोण उभं करंल? आमच्यातलं कोणी कॉम्प्युटर शिकलं न्हवतं हो आजपर्यंत.”

सर्जेरावाला गलबलून आलं. पण पोरगा काही बोलेना, मान वर करेना, हे काही त्याला बरं लक्षण वाटलं नाही. त्यानं आक्काच्या कानाशी लागून म्हटलं, “घाबरलाय. केलेलं असणार.”

“काच तुझी फुटली असती तर तू नाचला असतास?” आक्का म्हणाली.

लाईट आली तेव्हा मच्छिंद्रनं कट्टा उघडून दाखवला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी भराभर वर सरकत होतं. गिरिजाबाईंनी चष्मा लावला आणि एकेक तक्रार वाचली. प्रत्येकीच्या शेजारी वेळ होती. दुपारी एक, दुपारी अडीच, दुपारी तीन.

“मोसंबीबद्दल कोणी वाईट लिहिलंय?”

“न्हाई मावशी. हे सगळे मिरचीवरच तुटून पडलेत.”

“तू ह्यांना काढून का नाही टाकलंस?”

“काढलं तर लोक म्हणतील ह्यानं काकासाहेबांचे पैशे खाल्ले. खरंच कोणाची रोपं गेली असतील तर? म्हणून ठेवलं. तेच अंगाशी आलं.”

“ही माणसं कोण, वय काय, ते दिसतं?”

मच्छिंद्रनं एकेक पान उघडलं. फोटोच्या जागी कुठं बैल, कुठं विहीर. वयं मात्र पन्नास, पंचावन्न, साठ. “जन्मतारीख टाकल्याशिवाय साईट खातंच उघडू देत न्हाई,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा थोडा हसला. “एक जूनला कट्ट्यावर लई मजा झालती. निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस! शुभेच्छा देऊन देऊन बोटं दुखली माझी.”

“ह्या तक्रारवाल्यांनाही दिल्यास?”

“ह्यांचा न्हवता. बघा ना, ह्यांचा जुलैत यायचाय.”

“सगळ्यांचा?”

“पहिल्या तारखेला. योगायोग म्हणायचा.”

“एकाच आईची लेकरं दिसतात,” सर्जेराव म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला. आक्का हसली नाही. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, आणि तिचं असं पुसणं सर्जेरावाला चांगलंच माहीत होतं. विचारायची सोय नव्हती, म्हणून त्यानं जीप काढली.

दुसऱ्या दिवशी ते वडीगोद्रीला गेले. तिथल्या हायवेवर वसंता नावाच्या माणसाची मोसंबीची रोपवाटिका होती, आणि काकासाहेबांशी त्याचं हाडवैर होतं. पहिली तक्रार वडीगोद्रीच्या नावानं आली होती. सर्जेरावाच्या डोक्यात गणित पक्कं बसलं होतं. कचेरीत नवाकोरा कॉम्प्युटर आणि बाहेर धडधडणारा जनरेटर दिसला तेव्हा तर त्यानं आक्काला कोपरानं ढोसलंच.

“म्हातारा बुडून राह्यला म्हणता?” वसंता मांडी थोपटत हसला. “बुडू द्या की. पण मी न्हाई केलं बरं का! माझ्या गावचं नाव लावून कोणीतरी बोंबललं, अन् लोक माझ्याकडं बोट दाखवून राह्यले. गिऱ्हाईक येऊन विचारतं, वसंतशेठ, मिरची बी लावता का? मी काय म्हणून मिरचीच्या नादाला लागू?”

“काकासाहेबांची मिरची पडली तर तुम्हाला फायदा नाही?”

“काय घंटा फायदा! त्यांची मोसंबी कोणी पाडली असती तर मी पेढे वाटले असते. त्यांचं कलम अन् माझं कलम एकाच बाजारात उभं राहतं. मोसंबीला मात्र तिकडं कोणी हात लावंना. माझं नशीबच फुटकं!”

परतताना सर्जेराव म्हणाला, “आक्का, हाच. एवढा मोकळा हसणारा माणूस मी सोडत न्हाई.”

“रस्त्याकडं बघ,” आक्का म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ते टेंभुर्णीला गेले. पूर्णामाईच्या गेटवर काकासाहेबांचा भला मोठा फ्लेक्स अजून लटकत होता. गळ्यात हार, हातात मोबाईल, वर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, १ जून’. आतही लोडशेडिंगच होतं, पण इथला जनरेटर चालू होता आणि जाळीघरातले फवारे सुरू होते. एका बाजूला मिरचीचे रिकामे ट्रे रचलेले होते. शाळेच्या वेळेला दोन लहान पोरी मातीच्या ढिगावर खेळत होत्या.

“का गं, शाळा बुडवली?” गिरिजाबाईंनी विचारलं.

“आमची शाळा उघडली न्हाई अजून,” थोरली म्हणाली. “आम्ही मामाकडं आलोत.”

मामा म्हणजे भुजंगराव, काकासाहेबांचे जावई. शेजारच्या जिल्ह्यातल्या चिखलीकडचे, शेतकी पदवीधर, कपडे इस्त्रीचे. लग्न झाल्यापासून ते इथंच राहत होते. “बहिणीच्या पोरी,” ते म्हणाले. “आमच्याकडं ऊन फार, शाळा महिनाअखेरीला उघडतात. बसा ना. पुष्पा, पाणी दे.”

पुष्पाताई म्हणजे काकासाहेबांची एकुलती एक लेक. ती कॉम्प्युटरवर पावत्या काढत होती. टेंभुर्णीतच शिकलेली, टेंभुर्णीतच वाढलेली. तिनं पाणी दिलं आणि परत जागेवर जाऊन बसली.

“धंद्यात कोण काय बघतं?” गिरिजाबाईंनी विचारलं.

“कलमं सगळी माझ्याकडं,” भुजंगराव म्हणाले. “बांधण्यापासून विक्रीपर्यंत. मिरची ही मामंजींची नवी हौस.”

“आणि मच्छिंद्र?”

“ठीक होता. गावात मशीन चालवणारा दुसरा न्हवता म्हणून मोठा झाला.”

“तो हुशार आहे,” पुष्पाताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “बाबा जेवतानासुद्धा त्याचंच नाव घ्यायचे. मच्छिंद्र असता तर असं केलं असतं, मच्छिंद्र असता तर तसं.”

भुजंगरावांनी बायकोकडं बघितलं आणि पुन्हा पाहुण्यांकडं बघून हसले. सर्जेरावाला वाटलं, घरजावई होणं काही सोपं नाही.

“दुपारी ह्या मशीनवर कोण असतं?”

“कधी ही, कधी मी,” भुजंगराव म्हणाले. “जनरेटर फवाऱ्यासाठी लावावाच लागतो. मशीनबी चालतं त्याच्यावर.”

“आणि इंटरनेट? लाईट गेल्यावर?”

“ते चालूच असतं. कसं काय ते मला ठाऊक न्हाई.”

“मला आहे,” गिरिजाबाई म्हणाल्या. “एक्स्चेंजला बॅटऱ्या असतात. गाव अंधारात बसलं तरी फोनची तार जिवंत असते.” आणि त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

जीपमध्ये बसल्यावर सर्जेराव म्हणाला, “लेकीचंच काम दिसतंय. बापानं परक्या पोराला खुर्ची देऊ केली. मनात सलणारच.”

“काल वसंता, परवा मच्छिंद्र, आज पुष्पा. उद्या तू मला धरशील,” आक्का म्हणाली. “रविवारी सगळ्यांना कचेरीत बोलवायचंय, तेवढा निरोप दे.”

रविवारी दुपारी काकासाहेबांच्या कचेरीत पंखा गरगरत होता. भुजंगराव आणि पुष्पाताई खुर्च्यांवर, मच्छिंद्र आणि नंदाबाई दाराजवळ उभे. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. सर्जेरावाच्या ते लक्षात आलं, तसा तोही उठून उभा राहिला.

“बोला बाई,” काकासाहेब म्हणाले. “उद्याच्या तक्रारीत काय लिहू?”

“आधी मला सांगा, तुमचा वाढदिवस एक जूनला असतो. तुम्ही खरोखर एक जूनला जन्मलात?”

काकासाहेब गोंधळले. “ते कोणाला ठाऊक? आई म्हणायची ज्वारीच्या काढणीत झालास. गुरुजींनी मांडलं ते खरं.”

“सर्जा, तुझा?”

“एक जून,” सर्जेराव म्हणाला. “अन् आक्का, तुझाबी तोच की!”

“माझाही तोच. आपल्या वेळेला शाळेत नाव घालताना जन्मतारीख विचारली की आईबाप गुरुजींच्या तोंडाकडं बघायचे. मग गुरुजी शाळेच्या महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. आपल्याकडं शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून आपले म्हातारे एक जूनचे. ते राहू द्या बाजूला. आता कट्ट्याकडं येऊ.”

त्या मच्छिंद्रकडं वळल्या. “तक्रारी दुपारी लिहिल्या गेल्या, एक ते तीनच्या मध्ये. त्या वेळी ह्याच्या कॅफेत लाईट नसते आणि बॅटरीही नाही. बंद मशीनवर कोणाला लिहिता येत नाही. सबंध तालुक्याला लाईट नसते, म्हणजे दुसऱ्या कॅफेत जाऊनही उपयोग नव्हता. लिहिणारा असा पाहिजे की ज्याच्याकडं जनरेटर आहे.”

“वसंताकडं आहे,” काकासाहेब लगेच म्हणाले.

“आहे. पण वसंता तुमचा वैरी मोसंबीपुरता. तुम्हाला पाडायचं म्हटल्यावर त्यानं तुमच्या मोसंबीवर बोट ठेवलं असतं. आणि स्वतःच्याच गावचं नाव लावून लोकांना आपल्या दारात कशाला बोलावलं असतं? इथं मोसंबीला कोणी ओरखडासुद्धा काढला नाही. फक्त मिरची. मिरची बदनाम झाली की बदनाम कोण होतो? जो ती विकतो. हा मारा रोपवाटिकेवर नव्हताच, काकासाहेब. तो मच्छिंद्रवर होता. तुम्ही ज्याला खुर्ची देणार होतात त्याच्यावर. आणि ही खुर्चीची गोष्ट तुम्ही कुठं बोललात?”

“घरात,” काकासाहेब हळू आवाजात म्हणाले. “जेवताना.”

“म्हणजे जनरेटर ह्याच घरचा आणि राग पण ह्याच घरचा. उरली दोन माणसं.”

पुष्पाताईच्या हातातलं पेन थांबलं. सर्जेराव आक्काकडं बघत राहिला, कारण आपण म्हटलं तेच आता निघणार असं त्याला वाटत होतं.

“ह्या बनावट शेतकऱ्यांची खाती उघडताना साईटनं जन्मतारीख विचारली. बनवणाऱ्यानं नावं विचार करून दिली, गावं विचार करून दिली. तारखेचा मात्र विचार केला नाही. खेड्यातला म्हातारा म्हटल्यावर जी तारीख हातून आपोआप पडते ती टाकली, प्रत्येकाला तीच. एक जुलै.”

“मंग?” काकासाहेब म्हणाले.

“आपल्या वडीगोद्रीतले, टेंभुर्णीतले म्हातारे एक जुलैचे असतील का? ह्या मातीतल्या माणसाचं बोट डोळे झाकूनही जूनवर गेलं असतं. पुष्पाताईंनी उभ्या जन्मात बापाचा वाढदिवस एक जूनला बघितला. बाहेर फ्लेक्स अजून लटकतोय. त्यांच्या हातून जुलै पडला नसता. जुलै पडेल तो अशा मुलखातल्या माणसाच्या हातून, जिथं शाळा जूनच्या अखेरीला उघडते, भरते जुलैत, म्हणून गुरुजी म्हाताऱ्यांना एक जुलै देत आले. जिथल्या पोरी ह्या घडीलाही सुट्टीवर आहेत.”

बाहेर त्या दोन पोरींचं भांडण चाललं होतं, तेवढं ऐकू येत होतं.

“हा काय पुरावा झाला?” भुजंगराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला. “तारीख काय, कोणीबी काहीबी टाकंल!”

“तुमच्या वडलांचा वाढदिवस,” पुष्पाताई म्हणाली. तिनं मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरले होते. “एक जुलैला असतो. मागच्या साली आपण चिखलीला गेल्तो. तुमच्या काकांचाबी त्याच दिवशी होता. तुम्हीच मला हसत सांगितलंत, आमच्याकडं सगळे एकाच दिवशी जन्मतात म्हणून.”

भुजंगराव खाली बसले. “मी काय करणार होतो?” ते म्हणाले. “ह्या घरात मी जावई म्हणून आलो अन् मुनीम म्हणून राह्यलो. उद्या त्याच्या हाताखाली बसायचं? दोनचार तक्रारी टाकू, पोरगं बदनाम होईल, संपलं. पण मंग खरे लोकच लिहायला लागले. चांगल्या रोपातबी त्यांना बोकड्या दिसायला लागला. मला आवरंना.”

नंदाबाईंनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला. मच्छिंद्र रडत होता, आणि ते लपवायचं भानही त्याला राहिलं नव्हतं. सर्जेरावाच्या मनात आलं, आता म्हातारा उठेल, जावयाच्या मुस्काटात देईल आणि ह्या पोराला खुर्चीत बसवेल.

म्हातारा उठला नाही. बराच वेळ तो जावयाकडं बघत राहिला, आणि त्या बघण्यात राग नव्हता. बाजारात बैल बघावा तसं ते बघणं होतं.

“ही सगळी माणसं तुम्ही एकट्यानं उभी केली, जावईबापू?”

“हो.”

“अन् लोकांनी ती खरी मानली. मी छातीवर हात ठेवून सांगत होतो रोपं चांगली आहेत, माझं कोणी ऐकलं न्हाई. त्यांचं ऐकलं.”

“हो.”

“मंग चांगलं लिहिणारी माणसंबी उभी करता येतील की.”

सर्जेरावाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं आक्काकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

“काकासाहेब,” मच्छिंद्र पुढं आला, “मला खुर्ची नको. फक्त कट्ट्यावर तुमच्या नावानं दोन ओळी लिहा. मच्छिंद्रनं केलं न्हाई, एवढंच.”

“अन् कोणी केलं म्हणून सांगू?” काकासाहेब म्हणाले. “लेकीचा संसार चव्हाट्यावर मांडू? तक्रार देत न्हाई, जा. काचेचा खर्चा देतो. नंदाबाई, उद्यापासून ट्रे भरायला ये. झालं गेलं बराबर झालं.”

“काय बराबर झालं?” नंदाबाई म्हणाल्या. “चार भिंतीत माझं पोरगं निर्दोष, अन् भिंतीबाहेर चोर? तुमचे ट्रे तुम्हीच भरा.” त्या लेकाला घेऊन बाहेर पडल्या.

“तुमची फी,” काकासाहेबांनी पाकीट पुढं केलं.

“राहू द्या,” गिरिजाबाई म्हणाल्या. “त्यातून अजून दोन शेतकरी जन्माला घाला.”

जीपमध्ये बसल्यावर सर्जेराव भडकला. “आक्का, तू गप कशी बसलीस? ठाण्यात चल. पेपरात देऊ!”

“ठाण्यात तक्रार काकासाहेबांनी द्यायची, ते देणार नाहीत. पुष्पा आता तोंड उघडणार नाही. आणि जुलैची तारीख घेऊन कोणता फौजदार कोणाला आत टाकतो? माणूस शोधून देणं माझ्या हातात होतं, सर्जा. ते केलं. पुढचं मला येत नाही.” एवढं हरलेलं बोलताना त्यानं तिला कधी ऐकलं नव्हतं.

सर्जेरावाला मात्र गप्प बसवेना. काही दिवसांनी तो एकटाच जाफराबादला गेला आणि मच्छिंद्रसमोर बसला. “माझं खातं उघड,” तो म्हणाला. “माझा फोटो टाक, माझं गाव टाक, जीपचा नंबरबी टाक. मी सांगतो लोकांना काय घडलं ते.”

मच्छिंद्र नको म्हणत होता. पण कोणीतरी आपल्या बाजूनं बोलतंय हे त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दिसत होतं. त्यानं खातं उघडलं. सर्जेरावानं एका बोटानं, घाम पुसत पुसत लिहिलं: मी सर्जेराव, जालन्याचा. जाफराबाद लाईनवर जीप चालवायचो. मी त्या कचेरीत हजर होतो. मच्छिंद्रनं काही केलं नाही. त्या तक्रारी रोपवाटिकेच्या घरातूनच आल्या. देवाशप्पथ.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, उत्तरं वाचायला. उत्तरं खूप आली होती. पूर्णामाईची मिरची एक नंबर, आमची रोपं जोमात आहेत, असं लिहिणारे नवे नवे शेतकरी रातोरात आले होते, आणि त्यांनी सर्जेरावाला धू धू धुतला होता. हा कोण उपटसुंभ? फोटो कुठून तरी उचललेला दिसतोय. असला कोणी सर्जेराव नसणारच.

“बघ की लेका,” सर्जेराव संतापून म्हणाला, “मी हितं जिता बसलोय अन् हे न जन्मलेले मला खोटं ठरवून राह्यले! बनावट साले.”

मच्छिंद्रनं शेवटच्या उत्तरावर बोट ठेवलं. तिथं एवढंच लिहिलं होतं: मच्छिंद्र, आता दुसऱ्याच्या नावानं तरी लिहू नको बाबा. बस कर. लाज वाटती.

“हे बनावट न्हाईत, काका,” तो म्हणाला. “हे कडूबा मामा. आमच्या घरामागंच राहतात. ह्यांचं खातं मीच उघडून दिलतं, ह्याच मशीनवर बसून.”

सर्जेरावानं ते उत्तर पुन्हा वाचलं. तो म्हणाला, आपण आत्ता मामाकडं जाऊ, मी समोर उभा राहतो, मग तर पटेल. मच्छिंद्रनं मान हलवली. त्यानं कट्टा कायमचा बंद करायचं बटण शोधलं, पडद्यावर साईटनं पुन्हा एकदा विचारलं, नक्की का, आणि त्यानं हो म्हटलं. मग तो म्हणाला, “उठा काका, मला दुकान झाकायचंय.”